जळण विचारणारा

"आदी जळण सांगा."

सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, बोईसरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्रेचाळीस माणसं हजर असताना तो हे म्हणाला. त्रेचाळीस मी मोजली होती, कारण उपम्याच्या प्लेटा माझ्याकडे होत्या. समोर पडद्यावर माझ्या मुलीने केलेल्या व्हिडिओ गेमचा नमुना चालू होता. दीड वर्षाचं काम. धुरकट आकाश, पितळी विमानं, भिंतभर दातेरी चाकं आणि मधे एक बॉयलरघर, ज्यातून खेळातली नायिका जीव घेऊन पळते. मुलगी समजावून सांगत होती, "ह्याला स्टीमपंक म्हणतात. वाफेच्या काळातल्या लोकांनी भविष्याचं जे चित्र काढलं असतं ना, तसं जग."

तो मागच्या खुर्चीवरून उठला, पडद्याजवळ गेला आणि वाकवलेल्या बोटाने पडद्यावर दोनदा टकटक केलं.

"येवडी चाकं फिरतात, त्यांना खायला कोण घालतो? कोळसा कुठाय, बाय? राख कुठाय?"

"ते दाखवलेलं नाही, काका."

"मंग हे स्टीमपंक नाय. पितळेचे डागिने हायेत."

लोक हसले. मुलीने लॅपटॉप बंद केला. नमुना अजून चार मिनिटं बाकी होता. त्या दिवसापासून मला हा माणूस डोळ्यासमोर नको झाला, आणि हे लिहितानाही त्यात फार फरक पडलेला नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. लग्नाच्या पंगतीत वरणात मीठ कमी आहे हे आचाऱ्याला न सांगता यजमानाला सांगणारा. हा मूळचा किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा. बायकोमुलं तिकडे, भाऊ बोटीवर. हा एकटाच बोट सोडून तारापूरच्या कापड रंगवणाऱ्या एका डाइंगच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायला आला, आणि बाजूच्या विंगमध्ये तळमजल्यावर भाड्याने राहिला. वय चाळिशीचं. पाळी सुटली की अंघोळ करायचा, भात-कालवण खायचा आणि स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरवर गेम खेळत बसायचा. खेळायचा म्हणण्यापेक्षा तपासायचा. गेममधल्या राक्षसाशी लढायचं सोडून तो पाइप कुठून कुठे जातो ते बघत फिरायचा. गेमवर बोलणाऱ्या इंटरनेटवरच्या दोन गटांनी त्याला भांडणामुळे काढून टाकलं होतं, आणि तो हे अभिमानाने सांगायचा.

आमच्या वॉचमनने एकदा नवीन मोबाइलवर त्याला मोटारींच्या शर्यतीचा गेम दाखवला. "कैसा है, भाई?" ह्याने तिथेही काच वाजवली. "पेट्रोल कब भरता है ये?" वॉचमनने मोबाइल खिशात घातला आणि पुन्हा कधी काढला नाही.

मला वाटलं, मुलगी आता त्याचं नाव घेणार नाही. तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन त्याच्याच दारात गेली. परत आली ती बडबडतच.

"बाबा, ते काका गेमचे सगळे प्रकार जळणावरून लावतात. कोळसा असेल तर स्टीमपंक. तेल आलं की डिझेलपंक, म्हणजे जाड पत्रे, ते जोडणारी रिबिटं, रणगाडे, पोस्टरवर आवळलेल्या मुठी. अणू आला की गोल कडांचे फ्रिज, पंखवाल्या मोटारी, हसरं कुटुंब. त्या काळच्या लोकांना वाटत होतं, आता वीज फुकटच मिळणार."

"आणि ते निळ्या-गुलाबी दिव्यांचे गेम?" माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"सायबरपंक. ते म्हणतात, त्यात जळण दिसतच नाही. जळतं ते दुसऱ्याच्या गावात."

"म्हणजे आपल्या," ही म्हणाली आणि कुकरचं झाकण लावलं.

दोघी हसल्या. मी हसलो नाही. पुण्याच्या एका गेम कंपनीत चित्रं करणाऱ्याची एक जागा निघाली होती. नमुना पाठवायला सोळा दिवस उरले होते. नमुना तयार होता. आणि आता ती बॉयलरघर मुळापासून नव्याने काढायचं म्हणत होती.

बारा दिवस मी गप्प राहिलो. तिने राखेचा ढीग काढला, कोळशाची गाडी काढली, वाफेला बाहेर पडायला वाट काढली. शेवटचे चार दिवस उरले तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. मुलगी तिथेच होती, त्याच्या कॉम्प्युटरवर तिचं बॉयलरघर उघडं होतं.

मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "तुमचा छंद होतो, तिची नोकरी जाते. कळतंय का?"

तो उठलाही नाही. "या, काका. तुमी आकड्यांचा मानूस ना? हे दाबाचे मीटर किती हायेत सांगा."

मोजायचं नव्हतं, पण डोळे मोजून मोकळे झाले. "एकतीस."

"एकाचा तरी काटा हालतो?"

मी बघत राहिलो. एकही हलत नव्हता. सगळे साडेदहावर.

"काटा मुद्दाम तिथे ठेवलाय," मी म्हणालो. "आकडे मीच दिलेत तिला. खरे आहेत. आमच्या कारखान्याच्या शिटांवरचे."

इथे मला सांगायला हवं की दुसऱ्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी आकड्यांचंच काम करतो. बॉयलरवाले दर तासाला वाफेचा दाब बघून शीट भरतात. महिन्याच्या शेवटी त्या शिटा माझ्याकडे येतात आणि मी त्या रजिस्टरमध्ये उतरवतो. ज्याच्या शिटेवर आठही तास एकच आकडा, तो माझ्या लेखी चोख माणूस. तशा दोघांची नावं मी बक्षिसासाठी पुढे पाठवली होती.

तो माझ्याकडे बघून हसायला लागला. ओठ मिटून, खांदे हलवत. ते हसू मी विसरलेलो नाही.

"काका, कोळसा टाकला का काटा चढतो. डाइंगवाल्यांनी वाफ ओढली का पडतो. आट तास एकाच जागी बसलेला काटा एकतर मेलेला हाय, नाय तर शीट खुर्चीत बसून भरलीय." मग मुलीकडे वळून म्हणाला, "बाय, तुजी काय चूक नाय. तुला बापाने मढ्याची नाडी दिली."

माझ्या मुलीसमोर. मी जिना चढून घरी आलो.

मुलीने एकतीस काटे एकेक करून हलते केले. प्रत्येक काटा वेगळा, कारण प्रत्येकामागे वेगळा पाइप. नमुना अकरा दिवस उशिरा गेला. कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं, जागा भरली आहे. मुलगी म्हणाली, "ठीक आहे, बाबा, हा गेम मी आता पूर्णच करते." ती ठीक असेल, मी नव्हतो. पगार, राहण्याची सोय, पुण्यातली आत्या, मी जुळवून ठेवलेलं सगळं एका बॉयलरवाल्यामुळे मोडलं. त्या महिन्यात मी कारखान्यात आठही तास एकच आकडा असलेल्या नऊ शिटा परत पाठवल्या. तिथले बॉयलरवाले आता मला बघून बोलायचे थांबतात. तो दोषही मी त्याच्याच खात्यावर टाकतो.

पुढे सहा महिने ती त्याच्याकडे जात राहिली. दर रविवारी एक तास. तो तिच्या कामाला चांगलं असं एकदाही म्हणाला नाही. "चालंल" म्हणाला, एकदा. त्या दिवशी ती पेढे घेऊन आली.

मग त्याच्या कारखान्याने बॉयलर बंद केला आणि वाफ बाहेरून घ्यायला सुरुवात केली. त्याला वापीला काम मिळालं. हे मला वॉचमनकडून कळलं. मुलगी तेव्हा तीन दिवस तापाने घरात पडून होती. तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सव्वानऊला बेल वाजली. दारात तो. खाली टेम्पो उभा, त्यात गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. धुतलेला शर्ट घातला होता. पहिल्यांदाच तो काही बोलायच्या आधी थांबला.

"बाय हाय का घरात?"

"नाही," मी म्हणालो. "पालघरला गेलीय."

माझ्या मागे दहा फुटांवर ती झोपली होती. दारात तिच्या चपला होत्या. त्याने चपला बघितल्या. मीही बघितल्या.

"बरं," तो म्हणाला. "तिला सांगाल? गेज ग्लास राह्यलाय. बॉयलरमदी पानी किती हाय ते दाखवणारी काचेची नळी. काट्यांच्या नादात मी पन इसरलो. आमी पाळीवर गेलो का पयली तीच बगतो. पानी संपलं तर बाकी सगळं बरोबर असून मानूस जातो."

"सांगतो."

तो जिना उतरला. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली, मग पुन्हा वाजली. टेम्पो सुरू झाला.

"कोण होतं, बाबा?" मुलीने आतून विचारलं.

"कुरिअरवाला. पत्ता चुकला होता."

मुरब्याच्या कोळणी आमच्या बाजारात बसतात. त्याची खबर विचारायला ती त्यांच्याकडे दोनदा गेली. तो नंबर बदलून गेला होता. न भेटता गेले, एवढंच ती म्हणते.

तिचा गेम मागच्या दिवाळीत बाहेर आला. लोक बॉयलरघराचं कौतुक करतात. एकतीस काटे थरथरतात, राख उडते, नायिका पळते. गेज ग्लास नाही. हे ह्या घरात मला एकट्याला माहीत आहे.