बॅटरीच्या गुन्ह्यात आप्पा

आधी चहा घ्या. गरम आहे तोवर घ्या, कारण मी सांगायला लागलो की तुम्ही हसणार आणि चहा सांडणार. मी मात्र हसणार नाही. माझ्यात आता हसायचीसुद्धा ताकद उरलेली नाही.

झालं काय, की मी माझ्या सख्ख्या सासऱ्यांना, दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या गाडीने नेऊन पोलिसांच्या लॉकअपच्या दारात सोडून आलो. वर त्यांना म्हणालो, “सावकाश होऊ द्या!”

वेडबिड लागलं होतं का? छे हो. दमलो होतो.

मी इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये असतो. पहाटे चारला उठायचं, पाचला शिफ्टला हजर, मग दिवसभर लोकांचं रक्त बघायचं. बायको वैशाली तिथेच नर्स. तिची शिफ्ट संपते तेव्हा माझे डोळे मिटत आलेले असतात. आमचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चाललाय. त्याआधी सात वर्षं आम्ही मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत होतो. इथे येऊन फक्त चार महिने झालेत. हे चार महिने लक्षात ठेवा, माझ्या बचावाचा तेवढा एकच मुद्दा आहे.

तर आप्पा. वैशालीचे वडील. वय चौऱ्याहत्तर, दोन महिन्यांसाठी कल्याणहून आलेले. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे डेपोच्या खिडकीत बसून कुठली गाडी किती मिनिटं लेट आली ते वहीत लिहायचं. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, पण खिडकी सुटली तरी सवय सुटलेली नाही. मी घरात पाय टाकला की सोफ्यावरून आवाज येतो, “मिलिंदराव, अकरा मिनिटं लेट.”

आणि अशा माणसाचं घड्याळ बंद पडलं!

ते घड्याळ आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांना रिटायरमेंटच्या दिवशी घेऊन दिलेलं. आई जाऊन तीन वर्षं झाली. बंद पडलेलं घड्याळसुद्धा आप्पा मनगटावरून काढेनात. मला कळत होतं हो सगळं. पण चार दिवस रोज तेच.

“मिलिंदराव, घड्याळाचं काय झालं?”

“बघतो, आप्पा.”

“काल पण बघत होतात.”

“उद्या नक्की.”

“उद्या किती वाजता?”

घड्याळ बंद पडलेल्या माणसाला वेळ काय सांगणार, डोंबल!

आता नीट ऐका. हॉस्पिटलला जाता-येता गावात एक भलीमोठी इमारत लागते. तिच्यावर पाटी आहे, वॉच हाऊस. तुम्हीच सांगा, आपल्याकडे साडी हाऊस म्हणजे काय? साड्यांचं दुकान. बँगल हाऊस म्हणजे बांगड्यांचं. मी दहावी पास झालो तेव्हा बाबांनी कल्याणला स्टेशनरोडवरून मला घड्याळ घेऊन दिलं, त्या दुकानाच्या पाटीवरही वॉच हाऊसच होतं! मेलबर्नला हा शब्द माझ्या कानावरून कधी गेला नव्हता. त्यामुळे इथे रोज ती पाटी बघून मी मनात म्हणायचो, केवढं हे दुकान! शेजारीच पोलीस स्टेशन. त्यावर माझं डोकं काय चाललं माहितीये? महागडी घड्याळं असतील, बंदोबस्त लागणारच.

पाचव्या दिवशी मी शिफ्टवरून आलो तो तसाच आप्पांना गाडीत घालून निघालो. सव्वादोनला त्या इमारतीसमोर. गाडी उभी करायला कुठे जागा नाही, मागचा माणूस हॉर्न वाजवतोय.

“आप्पा, तुम्ही व्हा आत. घड्याळ दाखवा आणि म्हणा, बॅटरी. बेल्टपण बदलून घ्या. मी पावणेतीनला इथेच येतो.”

आप्पांनी इमारत खालपासून वरपर्यंत न्याहाळली. “खिडक्या दिसत नाहीत हो.”

“एसी असेल.”

“मिलिंदराव, इथेच ना नक्की?”

“आप्पा, चार महिने रोज बघतोय ही जागा! सावकाश होऊ द्या.”

ते उतरले. उतरताना माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. “तुम्ही बरे आहात ना?” म्हणाले. मला वाटलं, डोळे लाल दिसत असतील माझे.

मी दुकानांच्या मागच्या कार पार्कमध्ये गाडी लावली आणि म्हटलं, पाच मिनिटं डोळे मिटू. जागा झालो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मेलो! दीड तास लेट! आणि तेही आप्पांना! फोन तरी कसा करणार? त्यांच्या फोनमध्ये इंडियाचं सिम, वायफाय असलं तर चालणार. म्हणून मी वॉच हाऊसचा नंबर शोधला आणि थेट दुकानातच फोन लावला.

हा संवाद इंग्रजीत झाला, पण तुम्हाला मराठीतच सांगतो, नाहीतर मला पुन्हा लाज वाटेल. फक्त दोन शब्द इंग्रजीतले जसेच्या तसे ठेवतो, बॅटरी आणि बेल्ट. घात त्यांनीच केला.

“वॉच हाऊस,” पलीकडून एक बाई.

“नमस्कार मॅडम. माझे सासरे सव्वादोनला तुमच्याकडे आलेत. झालं का त्यांचं?”

“कशासाठी आलेत ते?”

“बॅटरी.”

बाई थबकल्या. “बॅटरी?”

“हो. आणि बेल्ट.”

“बेल्ट?”

“चामड्याचा. सोळा वर्षं तोच वापरतायत! मी किती वेळा म्हटलं, आप्पा, टाकून द्या तो बेल्ट. ऐकतील तर शपथ.”

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “सर, हा त्रास तुम्हाला होतोय का?”

“मग कोणाला? चार दिवस झाले, मॅडम. शिफ्टवरून आलो, दारात पाय टाकला, की सुरू!”

“घरात आणखी कोणी आहे?”

“बायको आहे ना. पण ती हॉस्पिटलात आहे.”

बाईंनी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. “सर, तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का? तुम्ही ठीक आहात?”

काय सांगू, मी विरघळलो हो! घड्याळाच्या दुकानातली बाई विचारतेय! चार महिन्यांत मला ‘तू कसा आहेस’ असं थांबून कोणी विचारलं नव्हतं. मला भरूनच आलं.

“दमलोय, मॅडम,” मी म्हणालो. “फार दमलोय.”

“तुम्ही आहात तिथेच थांबा. गाडी कुठली? मी आत्ता आमचा माणूस पाठवते.”

बघा! याला म्हणतात सर्व्हिस! घड्याळ आणून देणार. मी गाडीचा रंग सांगितला, कार पार्क सांगितला. ठेवता ठेवता विचारलं, “आप्पा तिथेच बसलेत ना?”

“आमच्या ताब्यात कोण आहे आणि कोण नाही, ते मला फोनवर सांगता येत नाही, सर.”

ताब्यात? जरा खटकलं. पण म्हटलं, असेल यांची बोलायची पद्धत. “असू दे, असू दे,” मी म्हणालो. “ठेवा तुमच्याकडेच. मला घाई नाही.”

असं म्हणालो मी. या तोंडाने!

पाच मिनिटांत काचेवर टकटक झाली. बाहेर सहा फुटी कॉन्स्टेबल.

“यू राइट, मेट?” म्हणजे, बरा आहेस ना?

“हो, हो. घड्याळ आणलंत?”

“कसलं घड्याळ?”

“वॉच हाऊसमधून आलात ना? बॅटरी घातली का?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मग लहान मुलाला समजावतात तसं त्याने मला समजावलं. मेट, वॉच हाऊस म्हणजे लॉकअप. पकडलेली माणसं ठेवतात तिथे. कायद्याच्या इंग्रजीत बॅटरी म्हणजे मारहाण. आणि बेल्ट म्हणजे इथल्या बोलीत बदडून काढणं. आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे सोळा वर्षं बेल्टने बदडणारा एक म्हातारा माझ्या बायकोला हॉस्पिटलात पाठवून आता माझ्या मागे लागला होता.

 मी दार ढकलून गाडीबाहेर आलो. आप्पा म्हणजे डायबिटीसचा माणूस, मोडकंतोडकं इंग्रजी, आणि लॉकअपमध्ये जाऊन म्हणणार काय? बॅटरी! मीच शिकवलेलं! स्वतःच्या पायाने जाऊन गुन्हा कबूल!

“आत आहेत का ते? एवढंच सांग, बाबा!”

“सॉरी, मेट. तुला तर नाहीच सांगू शकत. तूच तक्रारदार.”

“अरे, माझी तक्रार नाहीये! घड्याळ! घड्याळाची बॅटरी! मनगटावरचं!” मी मनगट बडवून दाखवलं. “बेल्ट हा, इथला! बायको हॉस्पिटलात नर्स आहे, नर्स!”

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं. मग तो माझ्या गाडीच्या टपावर डोकं टेकवून हसायला लागला. हस बाबा, म्हटलं, पण आधी माझ्या सासऱ्यांचं बघ. त्याने नाव विचारून घेतलं, बाजूला जाऊन फोन लावला. ती तीन मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. परत आला तेव्हा हसत नव्हता.

“त्या नावाचं कोणी आत नाहीये.”

मघापासून आप्पा आत आहेत म्हणून मी रडकुंडीला आलो होतो. आता आत नाहीत म्हणून खरंच रडू फुटलं. आत असते तर निदान कुठे आहेत ते कळलं तरी असतं! ह्या परक्या गावात ते गेले कुठे?

वैशाली सातला घरी येणार, तिला काय तोंड दाखवू, हे तर होतंच. पण खरं सांगतो, वैशालीची भीती नंतर. आधी आप्पा सापडायला हवे होते. माझे बाबा गेल्यापासून मला ‘लेट झालात’ म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलंय.

कॉन्स्टेबल म्हणाला, आधी घर बघू. मी म्हटलं, घर सात किलोमीटर आहे, चालत कसे जातील? तरी निघालो. पुढे मी, मागे पोलिसांची गाडी. वाटेतला प्रत्येक म्हातारा मला आप्पा वाटत होता.

घराचं दार उघडंच. आणि सोफ्यावर आप्पा! मनगटावर घड्याळ, त्याला नवा कोरा बेल्ट, आणि पायाशी भरलेली बॅग. मागून कॉन्स्टेबल आत आलेला बघून ते ताडकन उभे राहिले.

“जय भीम, साहेब,” म्हणाले. “सोडलंत ह्यांना? थँक यू, थँक यू.”

“कोणाला सोडलं, आप्पा?”

“तुम्हाला! अजून किती लपवणार, मिलिंदराव?”

मग आप्पांनी सगळं सांगितलं. आत पाऊल टाकताक्षणीच त्यांना कळलं होतं की हे पोलिसांचं ठाणं. तरी घड्याळ दाखवून बॅटरी म्हणाले. काउंटरवरची मुलगी हसली, दोन गल्ल्यांपलीकडचा घड्याळवाला दाखवला, दहा मिनिटांत काम झालं. पावणेतीनला आप्पा ठरल्या जागी हजर. साडेतीनपर्यंत उभे. आणि मग म्हणे त्यांच्या सगळं लक्षात आलं.

“काय लक्षात आलं?”

“पोलिसांच्या दारात गाडी थांबवता, म्हणता चार महिने रोज बघतोय ही जागा, डोळे लाल. मी समजलो. तुमचंच काहीतरी प्रकरण आहे, आणि लाजेपोटी घड्याळाचं निमित्त केलंत. म्हणून पुन्हा आत गेलो, विचारलं, आमचे मिलिंदराव आहेत का आत? ती म्हणाली, सांगता येत नाही. नाही म्हणाली का? नाही म्हणाली नाही! म्हणजे आहेत. मग बस पकडून घरी आलो. दोन मिनिटं लेट होती.”

मी बॅग उघडली. माझा पायजमा, टॉवेल, टूथब्रश, पोळीभाजीचा डबा. आणि उशी.

“उशी कशाला, आप्पा?”

“तुमची झोप कुठे होते?” आप्पा म्हणाले. “म्हटलं, आत तरी मिळेल.”

 कॉन्स्टेबलने विचारलं, काय म्हणतायत? मी भाषांतर करून सांगितलं, तर त्याने टोपी काढली. मग त्याने आप्पांना विचारलं, काउंटरवर तुम्हाला आणखी काही विचारलं का?

“येस, येस,” आप्पा म्हणाले. “मॅडम आस्क, व्हॉट ही डिड?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?” मी विचारलं.

“काय सांगणार? म्हटलं, आय डोन्ट नो, मॅडम. बट ही मस्ट हॅव डन.”

सात वाजता वैशाली आली. आप्पांनी तिला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, मिनिटांसकट. तिने सरळ ती बॅग पुढे ओढली. बॅगेतून पायजमा काढला, डबा काढला, उशी काढली आणि सोफ्यावर ठेवली.

“आप्पा, तुम्ही बरोबरच बोललात, ह्यांनी काहीतरी केलेलंच आहे,” ती म्हणाली. “ह्यांची शिक्षा आजपासून सुरू.”