चीजच्या नाचातली सूनबाई

लेकाकडे हॉलंडात नीउ-व्हेनेपला आलो तेव्हा वाटलं, इथं गप्पांना विषय काय मिळणार? पण माणसं हौसेला पेटली की किस्से साचतात, दुधावर साय धरावी तसे. आपण नुसतं बाकावर बसून राहायचं!

शेजारच्या गावात पूर्वी घरोघरी चीज करायचे. आता कुणी करत नाही. त्या वारशासाठी तिथल्या इंग्रिडबाईंनी गावजत्रेत नाच बसवायला घेतला. कुठला? स्कॉटलंडचा! "त्याला शिस्त असते," म्हणाल्या. गाव हॉलंडचं, नाच स्कॉटलंडचा आणि तालमीनंतर खायचं चीज सुपरमार्केटचं!

*

सूनबाई मृणाल लग्न होऊन इथं आली ती घरातच अडकली. नाचाचं भारी वेड. नवे बूट घेऊन तालमीला गेली. मीही सोबत. इंग्रिडबाईंनी तिला पिवळ्या ओढणीत गुंडाळून मधोमध उभं केलं. "तू चीज. हलायचं नाही." बाकीचे भोवती फिरणार!

घरी येऊन तिचे डोळे भरले. "बाबा, मला एकदा तरी नाचायचंय हो."

लेक म्हणाला, "अगं, मेन रोल आहे तुझा!"

इंजिनिअर आहे तो. काय बोलणार!

*

एकदा तिला शिंक आली. इंग्रिडबाईंनी टाळी वाजवून सगळा नाच थांबवला.

"चीज शिंकत नाही!"

*

बाकावर माझ्या शेजारी रीतबाई बसायच्या. माझ्याच वयाच्या, जन्मभर चीज केलेल्या. त्यांनाही नाचायचं होतं. इंग्रिडबाईंनी नाही म्हटलं. का, तर "त्यांना चीजचा फील येत नाही!"

पुढे एकदा चीज करताना दूध आधी फाटतं की आधी ढवळतात, यावर नाचणाऱ्यांची जुंपली. मृणाल म्हणाली, "रीतबाईंना विचारू या की."

"नको गं," इंग्रिडबाई म्हणाल्या, "त्या खरं कसं करतात तेच सांगत बसतील!"

*

जत्रेचा दिवस. चौकडीचे घागरे घातलेले पुरुष, टाचा उंचावलेल्या बायका, मधे आमचं चीज. सूर लागला आणि स्पीकर बंद पडला. सगळे एक पाय पुढे टाकून तसेच उभे! सुराशिवाय पुढचं पाऊल कुणालाच येईना.

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "फुगडी घाल, पोरी."

तिनं ओढणी सोडून कमरेला खोचली. बाकावरून रीतबाईंना उठवलं, हातांची अढी घातली आणि दोघी गरगर! रीतबाईंचा बूट उडाला. त्या खदखदून हसत होत्या. सगळं गाव टाळ्यांचा ठेका धरून उभं.

दोघी थांबल्या तशा इंग्रिडबाई धावत पुढे आल्या. "हीच साच्यातलं चीज उलटवण्याची स्टेप! मी मुद्दाम राखून ठेवली होती!"

मृणालनं धापा टाकत कमरेची ओढणी सोडली, इंग्रिडबाईंभोवती नीट गुंडाळली आणि म्हणाली,

"मग आता तुम्ही चीज. हलायचं नाही!"