बुरशीचा हातगुण

माझ्या सासूबाईंचा देवावर फारसा विश्वास नव्हता, हातावर होता. कुणाच्या हाताला गुण आहे आणि कुणाच्या नाही, हे त्या माणूस उंबऱ्याशी आल्याबरोबर ठरवत, आणि एकदा ठरलं की ब्रह्मदेव खाली आला तरी बदलत नसे. भांडगावात आमची विहिरीवरची बागायत होती. मेथी, चुका, शेपू, कोथिंबीर निघायची आणि दौंडचा बागवान गाडी जुंपून येऊन बांधावरूनच माल उचलायचा. साठ साल अजून उजाडायचं होतं. मोटेचं पाणी होतं आणि सासवांचं राज्य होतं.

लग्न होऊन मी आले, तेव्हा सासूबाईंनी मला विहिरीखालचा सखल वाफा दाखवला. "हितं मेथीचं बी फोक. बघू तुझा हात कसा हाय."

मेथी उगवली झकास. दोन पानांवर आली आणि एका सकाळी बघते तो अर्धा वाफा आडवा. रोपांची मान मातीलगत दोऱ्यासारखी बारीक झालेली, पाणचट. वरची पानं मात्र हिरवीगार. आपण मेलो आहोत हे त्यांना अजून कळलंच नव्हतं. सासूबाईंनी शेजारणींना हाक मारून गोळा केलं. "बघा गं बायांनो, नव्या नवरीनं मेथीला मूठमाती दिली!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या सखल जागेत सासूबाईंची स्वतःची भाजीही कधी टिकली नव्हती, हे त्यातल्या एकीनंही मला सांगितलं नाही.

त्याच दिवसांत माझा भाऊ वडगाव रासाईहून मला न्यायला आला. आईच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. एक डोळा गेला होता, दुसरा चालला होता.

"आय म्हनती, नजर हाय तवर लेकीचं तोंड बघू द्या," तो ओट्यावर बसून म्हणाला.

"न्या की. आमी कुठं न्हाई म्हनतो?" सासूबाई म्हणाल्या. "पर आधी हिच्या हातची मेथी उभी ऱ्हाऊ द्या. असला अपेशी हात घिऊन माहेरी धाडली, आन् उद्या तुमच्या मळ्यात कायबाय झालं, म्हंजी बोल आमाला."

भावानं चहा बशीत ओतून फुंकून प्यायला आणि गेला. त्याला भांडता आलं असतं. माझ्या नवऱ्यालाही आलं असतं, पण आईसमोर यांच्या तोंडात कायम मिठाची गुळणी. माझ्या आईनं मला बघायचं की नाही, हे आता मेथीवर ठरणार होतं.

दुसऱ्यांदा पेरली, दुसऱ्यांदा आडवी झाली. मी पाणी कमी दिलं, राख टाकली, बी उन्हात वाळवलं. काही उपयोग नाही. रोज पहाटे उठून आधी वाफा बघायचा आणि मग तोंड धुवायचं, अशी मला सवय लागली होती.

त्या घरात ताजी भाकरी पुरुषांना आणि सासूबाईंना, मला दुरडीच्या तळची. दुरडी मोरीलगतच्या ओल्या भिंतीला टेकलेली असायची, त्यामुळे तळची भाकरी बुरसायची. खाववत नसे, आणि टाकावी तर "अन्नाला लाथ मारती" म्हणून गावभर डांगोरा. एकदा हिरवी पडलेली भाकरी मी पदराखाली लपवून नेली आणि वाफ्याच्या कोपऱ्यात खुरप्यानं पुरून टाकली. दोन-चारदा तसंच केलं.

तिसरी मेथीही पडली, पण तो कोपरा पडला नाही. वाफाभर मढी आणि कोपऱ्यात वीतभर जागेत मेथी ताठ उभी. मी बोटानं माती उकरली. भाकरी म्हणून काही उरलंच नव्हतं. पांढऱ्या तंतूंचं जाळं, वर हिरवी भुकटी, आणि वास ओल्या खोबऱ्याचा. खोटं कशाला सांगू, मला भूक लागली.

आज तसल्या बुरशीची पुडी शेतीच्या दुकानात मिळते. बियाला चोळा, शेणखतात मिसळा, रोपांची मर थांबते, असं तिच्यावर छापलेलं असतं आणि तिला मित्रबुरशी म्हणतात. नाव ज्यानं ठेवलं त्याला माझं सासर माहीत असावं. त्या घरात माझ्या बाजूनं उभं राहणारं ते एकच होतं.

मी गोठ्यामागं जुनं शेणखत ओढलं, त्यात ती कोपऱ्यातली माती, बुरसलेल्या भाकरीचा चुरा आणि जोंधळ्याचा कोंडा कालवला, पाणी शिंपडून वर गोणपाट टाकलं. ढीग आधी पांढरा झाला, मग हिरवा. सगळा ढीग वापरायचा नाही, थोडा राखून त्यात पुन्हा खत-कोंडा घालायचा, हे दह्याच्या विरजणावरून सुचलं. वाफ्यात मिसळला आणि मेथी फोकली.

मेथी उभी राहिली. अशी राहिली की बागवानानं बांधावरूनच विचारलं, "मामी, ये भाजी किसके हाथ की? अशी अजून असंल तर दौंडात कुणाला बोट लावू देणार नाही, सगळी मी उचलतो."

"सूनबाईची," सासूबाई म्हणाल्या. त्या तोंडातून 'सूनबाई' मी पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी मी लुगड्यांचं गाठोडं बांधून त्यांच्यापुढं उभी राहिले.

"आत्याबाई, मेथी आली. मी जाऊ ना आता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खळखळून हसल्या. "आगं येडे, असल्या गुणाच्या हाताला कोन माहेरी धाडतं? विहिरीखालची समदी सखल जागा पडीक हाय. ती तुझ्या हातानं फोकून घिऊ, मग बघू."

मी आगीतून फुफाट्यात पडले. मी त्यांना हाताला धरून गोठ्यामागं नेलं, गोणपाट उचललं. "हात माझा न्हाई आत्याबाई, ही बुरशी हाय. ही घाला आन् कुनीबी फोका, येती मेथी." त्यांनी नाकाला पदर लावला. "बुरशीनं घरं कुजत्यात, भाज्या येत न्हाईत. जायाचं म्हनून काय काय रचती!"

वाफ्यामागून वाफे झाले. वडगावहून निरोप आला, दुसऱ्या डोळ्यालाही आता धूसर दिसतं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा "बघू" झालं. मग माझं डोकं फिरलं. न्हाणीच्या चुलीवरचा हंडा उकळत होता, तो तसाच उचलला आणि गोठ्यामागच्या ढिगावर ओतला. वाफेचा लोट उठला. दुसरा हंडा तापवला, तोही ओतला. पोळलेल्या बुरशीचा आंबट वास आला आणि मला रडू फुटलं. तोवर त्या घरात मी कुणासाठीच रडले नव्हते.

पुढचे वाफे नुसत्या मातीत फोकले. दोन पानांवर आले आणि आडवे झाले. बागवान बांधावरूनच गाडी वळवून निघून गेला. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "हात गेला हिचा! आता हिची सावलीबी वाफ्यावर नगं. धाडा माहेरी." आधी अपेशी म्हणून अडवली, मग गुणाची म्हणून अडवली, शेवटी अपेशी म्हणून हाकलली. सासूच्या न्यायाला वकील लागत नाही.

भीमा नावेतून ओलांडली. आई ओट्यावर उन्हात बसली होती. मी समोर उभी राहिले, तरी ती रस्त्याकडंच बघत राहिली. हाक मारली तेव्हा मान वळवली, तीही जरा भलतीकडंच.

"आलीस व्हय? मेथी उगवली का?"

मला काही कळेना.

"तुझ्या भावानं निरोप आनला. मेथी उगवली की येते, आसं तू म्हनालीस, म्हनला." तिचा आवाज शांत होता. "म्या जल्मभर हितं नदीकाठी भाजी केली गं. मेथी चवथ्या दिशी वर येती. म्या म्हनलं, आठ दिसांत लेक येनार. न्हाई आली. यायाचं नव्हतं तर तसं सांगायचं. मेथीवर कशाला घालायचं?"

मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. पडलेली रोपं सांगितली, बुरसलेली भाकरी सांगितली, ढिगावर ओतलेला उकळता हंडा सांगितला. दुसऱ्याच कुणाचं तरी सांगावं तसं ते मलाच खोटं वाटायला लागलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भावाला हाक मारली.

"हिला पोचती कर रं लवकर," ती म्हणाली. "तिकडं हिची मेथी वाळत आसंल."