शनिवारची मॅच

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते. तरी मी दर शनिवारी व्हॉलीबॉलची मॅच ऐकली, आणि तीही परदेशात बसून, एका सुताराच्या नादानं.

आम्ही दोघं तिथल्या एका वसतिगृहात मुलांना शिकवायला गेलो होतो. पगार नाही, राहणं-खाणं त्यांचं. मी शिवणकाम शिकवायचे, तो सुतारकाम. गावं वेगळी, पण भाषा एक, म्हणून मी त्याला सुतारदादा म्हणायचे आणि तो मला ताई. मुलं सोळा-सतराची, बहुतेक घरच्यांनी टाकलेली. 'पुढच्या महिन्यात न्यायला येतो' असं सांगून गेलेले बाप परत फिरकले नव्हते. त्यामुळे मोठ्या माणसानं काही सांगितलं की पोरं आधी तोंड वाकडं करायची. माझ्या वर्गात तर सुरुवातीला कुणी सुईला हात लावेना.

दादानं त्यांना व्हॉलीबॉलनं वळवलं. गावात त्याचा क्लब होता. मैदान त्यानं मित्रांना घेऊन, दगड वेचून तयार केलेलं, नेटचे खांबही त्याच्याच हातचे. निघताना क्लबचं सेक्रेटरीपद धाकट्या भावाच्या गळ्यात घालून आला होता. दर शनिवारी दुपारी धाकट्याचा फोन यायचा. दादा तो स्पीकरवर टाकून गोंदाच्या डब्याला टेकवायचा, आणि धाकटा घराच्या गच्चीवरून मॅच सांगायचा. सर्व्हिस गेली, नेटला घासली, कप्तानानं उडी मारून हाणली. दादा एकेक वाक्य मुलांना त्यांच्या भाषेत सांगायचा, हातवारे करत, हातात रंधा तसाच.

"मागे गर्दीचा आवाज कसा नाही रे?" मी एकदा विचारलं.

"अगं ताई, गच्ची कुठे, मैदान कुठे," म्हणाला. मला काय करायचंय, मी पुन्हा हातातल्या शिवणाकडे वळले.

पोरं पार खुळावली. प्लायवूडचा स्कोअरबोर्ड बनवला, खेळाडूंवरून भांडायला लागली. त्यात एक मुलगी होती, तिला आम्ही वकीलबाई म्हणायचो, कारण तिला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागायचा. तीसुद्धा दादाचं ऐकायची. "ताई, ही पोरं माझा शब्द खरा धरतात," दादा मला म्हणाला होता. "आणखी काय पाहिजे मला?" पुढे पुढे पोरं जरा थंडावली. मला वाटलं, कंटाळली असतील.

मग एका शनिवारी क्लब फायनल जिंकला. फोन ठेवल्यावर वकीलबाई म्हणाली, "काका, कप्तानाशी बोलूया. अभिनंदन करायचंय."

"त्याचा बरेच दिवस फोन नाही, रुसलाय की काय कोण जाणे," म्हणत दादानं खुशीत फोन लावला, स्पीकरवरच.

"काय काम काढलंस?" कप्तानाचा आवाज कोरडा ठणठणीत.

"अरे, शेवटचा पॉइंट काय हाणलास म्हणे."

"चेष्टा करतोस? मैदान बांधकामाला देऊन टाकलंत दोघा भावांनी, वर टिंगल?"

"दोघांनी?"

"तुझा धाकटा भर मीटिंगमध्ये म्हणाला, दादाला विचारलंय, त्याची हरकत नाही. म्हणून तर आम्ही मूग गिळून बसलो. कधीच खोदलं सगळं. कुठली टीम आणि कुठली फायनल." फोन कट.

पोरांना शब्द कळत नव्हते, पण दादाचा चेहरा कळत होता. त्यानं धाकट्याला फोन लावला.

"तू किती आनंदानं ऐकायचास," धाकटा रडवेला होऊन म्हणाला. "कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"आणि माझी हरकत नाही, हे कुणी सांगितलं तुला?"

धाकट्यानं नाक ओढलं. मग म्हणाला, "नाहीतर ते ऐकले नसते, दादा."

मला असा संताप आला की तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. सख्ख्या भावानं गावात याचं नाव विकलं, आणि इथे दर आठवड्याला गोड गोड मॅच ऐकवली. दादा मात्र मुलांकडे वळला आणि त्यांच्या भाषेत सगळं सांगून टाकलं. भावानं फसवलं, मैदान नाही, टीम नाही, आणि आपल्यालाही हे आत्ताच कळलं.

"तिथे खड्डा आहे," वकीलबाई म्हणाली. "फोटो आहे इंटरनेटवर. आम्ही कधीच बघितला."

"मग बोलला का नाहीत?" दादानं विचारलं.

"तुम्ही स्वतःहून सांगाल, म्हणून वाट बघितली. आज शेवटचा चान्स दिला."

"अगं, पण मला खरंच माहीत नव्हतं."

"'खरंच येतो' असं माझे बाबाही म्हणाले होते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाकीची पोरं बाकावरून उठायला लागली.

दादानं माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू तरी सांग यांना."

मी सांगितलं. फोनवरचा शब्द न् शब्द, अगदी पोटतिडकीनं सांगितला. वकीलबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्हीही दर शनिवारी इथेच बसायचात ना?"