डोक्यातली उगवण

मागच्या जूनला मी नांदेडहून चाकूरला जायचं म्हणून निघाले अन बसले उलट्या दिशेच्या हिमायतनगरच्या एसटीत. स्टँडवर भेटलेल्या बाईशी गप्पा रंगल्या, तिच्या मागं मागं चढले, दुसरं काय! कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा कळलं. पण लेकानं तेच धरून ठेवलं. "माय, आता एकटीनं कुठं जायचं न्हाई." पेरणी तोंडावर, शेत चाकूरला, अन मी नांदेडात कुंडीतल्या तुळशीला पाणी घालून राहिले!

नात लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते, ती सुट्टीला आली होती. म्हणाली, "आज्जी, म्हातारपणीही मेंदूत नव्या पेशी उगवतात म्हणं. काही शास्त्रज्ञ हाव म्हणतात, काही न्हाई म्हणतात. पण नवं काही शिकत राहिलं तर बरंच."

उगवतात म्हटल्यावर मी कशाला गप बसते? आमच्याकडं सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. आठवड्याभरात सत्तर उगवले तर बियाणं पास. लेकाला म्हणलं, "माझ्या डोक्याची उगवण तपास. पास झाले तर एकटी जाणार." तो हसत हो म्हणाला.

आता दाणे कुठून आणावे? शेजारी आपा राहतात, शिवणकाम करतात. त्यांच्याकडून उर्दूची दहा अक्षरं घेतली. आपा म्हणाल्या, "चाळीस साल बाजूला राहिलीस, आत्ता शौक आला?"

"शौक न्हाई आपा, परीक्षा हाय."

"मग डोकं गोणपाटात गुंडाळू का?"

आठवड्यानं सगळ्यांसमोर आपांनी कापडावर आखायच्या खडूनं फरशीवर अक्षरं काढली. ठिपके कुठं वर, कुठं खाली, एक का तीन, माझी तारांबळ! दहातली सहा ओळखली.

लेक म्हणाला, "साठ टक्के. नापास."

"शेतकऱ्याचा लेक ना रे तू? उगवण कमी निघाली म्हणून कुणी रान पडीक ठेवतं का? एकरी बियाणं वाढवतेत. आपा, आता वीस अक्षरं द्या."

"बराबर बोल्ली!" आपा म्हणाल्या. नात तोंडाला ओढणी लावून हसायली. लेकानं डोकं खाजवलं अन विचारलं, "सकाळची एसटी कितीला हाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चाकूरच्या बांधावर उभी राहून ट्रॅक्टरवाल्याला ओरडत होते, "अरे, तास वाकडा चाललाय, ओळ सरळ धर!" लेकाचे तीन फोन येऊन गेले, पण उचलायला फुरसत कुणाला होती?