कोळशाची रेघ

नव्वदच्या दशकात माझी बदली जत तालुक्यातल्या एका गावात झाली. मी साताऱ्याचा, कृष्णाकाठचा. पाणी मोजून वापरायची सवय नव्हती. माणसं मोजायची मात्र होती. दुसऱ्याची वर्गणी हातात आली तरी मनात म्हणायचो, ह्यानं काहीतरी ठेवून घेतलं असणार. याला मी चाणाक्षपणा समजत होतो.

उन्हाळ्यात टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा. दाराबाहेर माझं लोखंडी पिंप होतं. शेजारी मेंढरंवाल्यांचं घर. बाप्ये कळप घेऊन लांब गेलेले, मागं म्हातारी एकटी. मी तिला मावशी म्हणायचो. माझ्या पिंपातलं पाणी रोज तीन-चार बोटं जास्तच उतरायचं. मी एकटा जीव, एवढं पाणी जाणार कुठं? ती मात्र दिसली की विचारायची, "पाणी पुरतंय न्हवं गुरुजी?" चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

एका सकाळी मी पिंपाच्या आत, पाण्याच्या पातळीला कोळशानं रेघ मारली. वर झाकण, झाकणावर दगड. वर्गात पाढे म्हणून घेताना डोळ्यांपुढं तीच रेघ होती. आज सापडतेस, असं मनात घोकत मी दुपारी परतलो. दगड जागचा हलला होता. झाकण काढलं आणि चक्रावलो. पाणी रेघेच्या चांगलं चार बोटं वर!

शहाण्या माणसाला इथं लाज वाटली असती. मला भीती वाटली. काय मिसळलं हिनं? मेंढरांचं उष्टं असेल? की चोरी झाकायला कुठलं तरी गढूळ आणून ओतलं? पाणी कमी झालं तेव्हा ती चोर होती, वाढलं तेव्हा त्याहून वाईट ठरली. संशयाला पुरावा कशाचाही चालतो, हे मला पुढं कळलं. त्या वेळी मी पिंपाला हात घातला आणि ते सरळ आडवं केलं.

"आवं आवं गुरुजी, सांडू नगा!" म्हातारी धावत आली. तोवर भेगाळलेल्या जमिनीनं सगळं पिऊन टाकलं होतं. ती खालीच बसली.

"बुडाशी बाजूला बारीक भोक हाय त्येच्या. हितं हराळी उगवलिया, दिसली न्हाई व्हय तुमास्नी? चैतात हिरवं दिसलं की आमी आदी गळती हुडकतो. तुमी साळंत गेल्यावर भोकात साबण कोंबला. गळून गेल्यालं म्हणून आमच्या पिंपातल्या दोन घागरी वतल्या."

आमच्याकडं बांधावर बारमाही गवत. हिरव्या ठिपक्याचा काही अर्थ असतो, हे मला कुठून कळावं? पण अज्ञानावर ढकलून मोकळं होता येत नाही. मी तिला एकदा विचारलं असतं तर भागलं असतं. मला विचारायचंच नव्हतं, पकडायचं होतं.

"चुकलो मावशी," एवढंच तोंडातून निघालं. टँकर परवा येणार होता. ती घरात गेली आणि तांब्या भरून घेऊन आली.

"घ्या. उनातनं आलाय."

मी तांब्या हातात घेतला आणि प्यायच्या आधी हुंगला. मुद्दाम नाही, हात आपोआप नाकाशी गेला. तिनं ते पाहिलं, आणि दुसरीकडं तोंड करून मी पिऊन होईपर्यंत तशीच उभी राहिली.