आठवडाभर उभी असलेली गरम स्कूटर

मंडळी, आज सकाळी कोपरीत एक जुनी स्कूटर बघायला गेले होते. डोंबिवलीहून कल्याणच्या ऑफिसला जायला मला स्वस्तातली, पण रोज खात्रीने सुरू होणारी गाडी हवी आहे. नवी परवडत नाही.

मालक साठीतले, बोलायला गोड. म्हणाले, "ताई, आठवडाभर उभीच आहे. बटण दाबून बघा, लगेच सुरू होईल."

दाबण्याआधी मी इंजिनाजवळ हात नेला. चांगलंच गरम होतं.

"काका, ही गरम कशी?"

"आत्तापर्यंत उन्हात होती ना."

सीट मात्र गार होती.

थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल, तर गिऱ्हाईक यायच्या आधी ते तापवून ठेवतात, असं ऐकलं होतं. तरी वाटलं, आपण उगाच संशय घेतोय का? म्हटलं, "उद्या सकाळी सातला पुन्हा येते."

"या की. फक्त निघताना एक फोन करा."

तेव्हापासून विचार करतेय. मीसुद्धा कोणाच्या घरी फोन केल्याशिवाय जात नाही. तुम्ही असतात, तर फोन केला असता का?